जुनी वाहने, नवी फी : पैसे वयाचे की तपासणीचे?

– ऊस विकास अधिकारी



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खते आणि खोडवा यांवर लिहावे; आरटीओच्या कागदांशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. तथापि शेतातला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत आमच्या शेतकी खात्याचे काम संपत नाही. आणि शेत ते गव्हाण हा प्रवास आपल्याकडे अजूनही बऱ्याच अंशी जुन्या ट्रॅक्टरवर आणि जुन्या ट्रकवरच चालतो. गट ऑफिसात नोंदीला येणारे सभासद अलीकडे उसापेक्षा वाहनाचेच जास्त विचारतात. एक म्हणतो, "साहेब, पंधरा वर्षांवरचा ट्रॅक्टर सरकार उचलून नेणार म्हणे?" दुसरा म्हणतो, "वडिलांची जीप पन्नास वर्षांची झाली. आता तिला काहीच भरायला लागत नाही ना?" तिसरा नुसती पावती पुढे करतो आणि गप्प बसतो. या तिसऱ्याचा प्रश्न सर्वांत खरा असतो.

पहिल्या दोघांचे निम्मे खरे आहे आणि निम्मे ऐकीव आहे. सबब आधी नियम काय आहेत ते सांगतो आणि मग त्यांबद्दल माझे मत सांगतो. मत पटले नाही तरी चालेल, पण नियम मात्र प्रत्येकाने नीट वाचावेत.

ट्रॅक्टर उचलून नेणार का?

नाही. ही अफवा बहुधा दिल्लीहून आली आहे. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागात हवेच्या प्रदूषणामुळे डिझेलच्या दहा वर्षांवरील आणि पेट्रोलच्या पंधरा वर्षांवरील वाहनांना बंदी घातली गेली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. पुढे १२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की केवळ वय झाले म्हणून मालकावर सक्तीची कारवाई करू नये. १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील वाहनांपुरते ठेवले गेले. हा सारा मामला दिल्ली परिसराचा आहे. कराड-पाटणच्या ट्रॅक्टरशी त्याचा संबंध नाही.

आपल्या ट्रॅक्टरचे म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे शेतीचा ट्रॅक्टर हे 'बिगर वाहतूक' वाहन आहे. त्याची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी ती वाढवून मिळते. ट्रॅक्टर दहा वर्षांनी भंगारात जाणार अशी बातमी २०२३ साली फिरत होती, तेव्हा केंद्र सरकारने तिचा जाहीर इन्कार करून हाच खुलासा केला होता. म्हणजे तुमचा ट्रॅक्टर पंचवीस वर्षांचा असला आणि तपासणीत पास झाला, तर तो कायद्याने चालवता येतो. प्रश्न चालवता येतो की नाही हा नसून तो चालवण्यासाठी किती मोजायचे हा आहे.

जीपचा प्रश्न : 'व्हिंटेज' म्हणजे काय?

आता दुसऱ्या सभासदाच्या जीपकडे येऊ. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यात ऐतिहासिक वाहनांसाठी वेगळी अशी व्यवस्था नव्हती. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांची गाडी हौसेने जपणाऱ्याला आणि रोज भाडे मारणाऱ्याला एकाच रांगेत उभे राहावे लागे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून 'व्हिंटेज मोटार वाहन' असा स्वतंत्र वर्ग केला. त्यातल्या ठळक गोष्टी अशा :

पहिली विक्री होऊन जी पहिली नोंदणी झाली, त्या तारखेपासून वाहनाला ५० वर्षांहून अधिक काळ झालेला असावा. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. नव्याने नोंदणी करायची तर फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. पुढच्या प्रत्येक फेरनोंदणीला ५,००० रुपये आणि मुदत ५ वर्षे. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. ज्या गाडीला आधीचा जुना क्रमांक आहे, तिला तो ठेवता येतो. अर्ज 'परिवहन' पोर्टलवर करायचा आणि कार्यालयाने ६० दिवसांत प्रमाणपत्र द्यायचे.

यात सवलत आहे तशी अटही आहे. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. तेव्हा वडिलांच्या जीपमधून रोज मळ्यावर डबा आणि खताची पोती न्यायची असतील, तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. मात्र जीप गोठ्यात झाकून ठेवली आहे, दसऱ्याला तिची पूजा होते आणि वर्षातून दोनदा ती बाहेर निघते, अशी स्थिती असेल तर कागद काढून अर्ज जरूर करावा. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून बजाज चेतक बाहेर पडू लागली. तिच्या पहिल्या गाड्यांनीही आता पन्नाशी ओलांडली आहे. जावा, बुलेट, जुनी फियाट यांच्यापैकी काही ना काही आपल्या सभासदांच्या घरी निघेलच.

दुचाकी आणि माणसे नेणारी चारचाकी एवढ्यांनाच हा नियम लागू आहे. मालवाहू ट्रक आणि ट्रॅक्टर त्यात नाहीत. म्हणजे मुंबईतल्या बंगल्यातली मोटार ऐतिहासिक ठरू शकते. पण ज्या ट्रॅक्टरने आपल्या भागातली माळराने पहिल्यांदा नांगरली, तो पन्नास वर्षे उलटली तरी नुसता जुनाच राहतो. महाराष्ट्रात प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत गावोगाव आलेले मॅसी फर्ग्युसन, इंटरनॅशनल बी-२७५, झेटर हे ट्रॅक्टर आणि टाटा-मर्सिडीजचे ट्रक हा आपला इतिहास आहे. तो कोणत्याच वहीत नोंदला जात नाही.

फीचा हिशेब

आता तिसऱ्या सभासदाची पावती पाहू. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या हलक्या मोटार वाहनाची नोंदणी वाढवायला ३१ मार्च २०२२ पर्यंत ६०० रुपये पडत. १ एप्रिल २०२२ पासून ती फी ५,००० झाली आणि दुचाकीची ३०० वरून १,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील वाहनांसाठी आणखी वरची पायरी आली : दुचाकी २,०००, तीनचाकी ५,०००, हलके मोटार वाहन १०,००० आणि वर्गवारीत न बसणारी इतर वाहने १२,०००. म्हणजे वीस वर्षांवरच्या ट्रॅक्टरला पाच वर्षांसाठी, तो कोणत्या रकान्यात धरला जातो त्याप्रमाणे, दहा ते बारा हजार रुपये.

वाहतुकीच्या वाहनांचे गणित याहून कडक आहे. त्यांना योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला 'पासिंग' म्हणतो ते, पहिल्या आठ वर्षांत दोन वर्षांनी एकदा आणि नंतर दर वर्षी घ्यावे लागते. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने या फीचे वयाप्रमाणे टप्पे केले : दहा ते पंधरा वर्षे, पंधरा ते वीस वर्षे आणि वीस वर्षांवर. शेवटच्या टप्प्यात तीनचाकीला ७,०००, हलक्या मालवाहू वाहनाला १५,०००, मध्यमला २०,००० आणि अवजड ट्रकला २५,००० रुपये, आणि तेही दर वर्षी.

टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', बाजारात आला २००५ साली. त्याच्या पहिल्या गाड्या आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या. बेणे, खते, भाजीपाला आणि मजुरांचे बाड-बिस्तर वाहणारी ही गरिबाची गाडी यापुढे सर्वांत वरच्या पायरीवर जाणार आहे.

हे आकडे उसात मोजून पाहू, म्हणजे आपल्याला लवकर कळतील. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये होती. त्या दराने २५,००० रुपये म्हणजे सात टन ऊस. १५,००० म्हणजे सव्वाचार टन. ट्रॅक्टरचे दहा-बारा हजार म्हणजे तीन टनांच्या आगेमागे. यात तोडणी-वाहतूक वजा केलेली नाही. ती वजा केली तर टनांचा आकडा आणखी वाढतो. वीस गुंठ्यांच्या सभासदाला सात टन म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आता दोन रकाने शेजारी ठेवा. प्रदर्शनाच्या मोटारीला दहा वर्षांचे २०,००० आणि पुढे पाच वर्षांचे ५,०००. रोज राबणाऱ्या वीस वर्षांच्या ट्रकला आजच्या दराने दहा वर्षांचे अडीच लाख. प्रदर्शनाच्या मोटारीची फी वाढवा, असे मी म्हणत नाही. ज्याने जपले त्याला सवलत मिळाली याचा मला आनंदच आहे. पण ज्याच्या वाहनावर चूल पेटते, त्याच्यासाठी सरकारने कोणत्या मापाने फी ठरवली, एवढे तरी विचारता आले पाहिजे.

फी आणि कर यांत घोटाळा करू नका

पुष्कळ सभासद सगळ्या पैशांना 'टॅक्स' म्हणतात आणि सगळा राग एकाच खिडकीवर काढतात. नोंदणी आणि पासिंगची फी केंद्राच्या नियमांनी ठरते. आरटीओ ती फक्त वसूल करते. मोटार वाहन कर मात्र राज्याचा आहे. महाराष्ट्राने २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आणला. पंधरा वर्षांवरील खाजगी वाहनांसाठी त्याचे दर पाच वर्षांना दुचाकी २,०००, पेट्रोल मोटार ३,००० आणि डिझेल मोटार ३,५०० असे ठेवण्यात आले. फीत आणि करात मिळून वीस वर्षांच्या मोटारसायकलला पाच वर्षांचे चार हजार होतात. जुनी एम-८० मोडीत घातली तर तेवढे पैसे हातात येतीलच असे नाही.

१ जुलै २०२५ पासून राज्याने साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू वाहनांना खरेदीच्या वेळीच किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लावला. म्हणजे जुने ठेवले तर केंद्राची फी आणि नवे घेतले तर राज्याचा कर. मधला माणूस दोन्हीकडून चिमटीत सापडतो.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. २०२१ च्या भंगार धोरणाप्रमाणे जुने वाहन अधिकृत केंद्रात मोडीत काढून ठेव-प्रमाणपत्र घेतले, तर नव्या वाहनाच्या करात खाजगीला २५ टक्क्यांपर्यंत आणि वाहतुकीच्या वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्याला झेपते त्याने या सवलती जरूर घ्याव्यात. पण नवा ट्रॅक्टर कितीही स्वस्त झाला तरी तो लाखांतच मोजावा लागतो. वर्षातून चार-पाच महिने ट्रॅक्टर चालवणाऱ्या दोन एकरांच्या सभासदाला कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने भरावा लागतो.

घाटाखाली काय दिसते

माझे मूळ गाव लोटे, खेड तालुक्यातले. हंगामाचा पट्टा पडला की मी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गावी जातो. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर महामार्गाच्या कडेला ट्रकांची रांग असते. त्यांत घाटावरच्या पाट्यांचे ट्रक ओळखू येतात, आणि त्यांपैकी काही आपल्या सभासदांचेच असतात. हंगामात ऊस आणि हंगाम संपल्यावर कोकणात रसायनांचा, खतांचा, चिऱ्याचा माल, असे मिळून त्यांचे वर्ष भरते. एका टपरीवर चहा घेताना अशाच एका सभासदाची गाठ पडली. ट्रक २००४ सालचा. इंजिन दोनदा खोललेले, टायर नवे, रिफ्लेक्टर जागच्या जागी. तो म्हणाला, "साहेब, गाडीची तब्येत बघून फी सांगा की. वय विचारून कशाला सांगता?" त्याच रांगेत दुसरा एक ट्रक होता. वयाने त्याच्या निम्म्याचा, पण टायर गुळगुळीत, मागचा दिवा फुटलेला आणि मालाचा भार एका अंगाला झुकलेला.

परशुराम घाटात आणि कुंभार्लीत यातला कोणता ट्रक आपल्या समोरून उतरावा असे तुम्हाला वाटेल? माझे उत्तर वयावर ठरत नाही. ब्रेक लागतो का, यावर ठरते.

लोट्याच्या स्थानिक मालकांची अडचण आणखी निराळी आहे. त्यांची गाडी एम.एच. ०८, म्हणजे रत्नागिरी कार्यालयाची. तपासणीसाठी रत्नागिरीला जायचे, तर लोट्याहून एका बाजूने शंभरावर किलोमीटर. डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता आणि बुडालेली खेप धरली तर पावतीवरची फी हा खर्चाचा एक भागच ठरतो. आपल्याकडच्या दूरच्या वाड्या-वस्त्यांनाही हेच लागू आहे.

तपासणी हवीच

यावर कोणी असे समजू नये की मी जुन्या वाहनांची वकिली करतो आणि अपघातांकडे डोळेझाक करतो. हंगामात रात्री दिव्याविना चाललेली ट्रॉली, रिफ्लेक्टर नसलेली टायरगाडी, एका ट्रॅक्टरमागे मोळ्यांनी शीग भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि वर मोठमोठ्याने वाजणारी गाणी, हे आपण दर वर्षी पाहतो. त्यात माणसे जातात. धुराचेही तसेच. काळा धूर सोडणारा ट्रक शाळेसमोरून जातो तेव्हा तो कोणाच्या मालकीचा, हे मुलांच्या छातीला कळत नाही. तपासणी कडकच हवी. यंत्राने होणारी तपासणी तर अधिक चांगली. ब्रेकचा आकडा यंत्र सांगेल आणि त्यात चिरीमिरीला वाव कमी राहील.

माझे म्हणणे एवढेच आहे की फी तपासणीची असावी, वयाची नसावी. तपासणीला जो खर्च येतो तो घ्यावा. वय वाढेल तशी तपासणी वर्षातून एकदाऐवजी दोनदा करावी. नापास वाहन तिथेच उभे करावे, मग मालक सभासद असो की संचालक. पण जे वाहन पास होते, त्याच्याकडून केवळ जन्मसालावरून पटींनी पैसे घेतल्याने ब्रेक सुधारत नाही. उलट त्या पैशात त्याचे दोन टायर आले असते.

आणखी एक धोका आहे. फी आवाक्याबाहेर गेली की माणूस वाहन मोडीत काढतोच असे नाही. पुष्कळदा तो कागदच काढायचे सोडून देतो. मग तेच वाहन तपासणीविना, विम्याविना, रात्री आडवाटेने चालते. फी वाढली आणि रस्ता मात्र अधिक असुरक्षित झाला, अशी उलटी गत होते.

खोडव्याचा न्याय

ऊस खात्यातला माणूस म्हणून मला यात खोडव्याचा न्याय दिसतो. खोडवा किती वर्षे ठेवावा, असे सभासद विचारतात, तेव्हा आम्ही कॅलेंडर पाहत नाही. बेटे मोजतो, नांग्या किती पडल्या ते पाहतो, काणी आणि गवताळ वाढ तपासतो, मागचे टनेज विचारतो. एखाद्याचा दुसरा खोडवाही मोडायच्या लायकीचा निघतो आणि एखाद्याचा चौथाही उभ्या लागणीला लाजवतो. वय हे तपासायला जाण्याचे कारण आहे. निकाल मात्र शेतात लागतो.

जपणुकीचेही तसेच आहे. को ७४० या जातीने एके काळी महाराष्ट्राचे साखर कारखाने चालवले. पुढे को ८६०३२ आणि फुले २६५ आल्या आणि ती शेतातून मागे पडली. म्हणून काय तिचे नावनिशाण पुसायचे? जुन्या जाती संशोधन केंद्रांत जपून ठेवतात, कारण पुढच्या जाती त्यांच्याच पोटी जन्मतात. उसाच्या जातीत राबणारी, जपायची आणि काढून टाकायची असे तीन वेगळे ढीग आपण करतो. वाहनांतही तेच तीन ढीग करावेत, आणि ट्रॅक्टर-ट्रकला जपायच्या ढिगात जागा असावी.

बाहेरच्या देशांत असे आहे. जर्मनीत तीस वर्षांचे वाहन मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत असेल, तर तज्ज्ञाच्या तपासणीनंतर त्याच्या क्रमांकाच्या पाटीवर 'एच' अक्षर मिळते आणि ठोक कर लागतो. ही सोय १९९७ पासून आहे आणि तिकडचे जुने ट्रॅक्टरही ती घेतात. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील वाहनाला रस्ता-कर माफ आहे. त्यात मोठा बदल केलेला नसेल तर २०१८ पासून वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. धंद्यात चालणाऱ्या मोठ्या मालवाहू वाहनांना मात्र ही माफी नाही. त्यांच्यासारखी तपासणी माफ करा, असे मी म्हणणार नाही. आपले घाट निराळे आणि आपला भार निराळा. पण पन्नासऐवजी तीस-चाळीस वर्षांची मर्यादा आणि ट्रॅक्टरला स्थान, या दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत.

आपल्याच केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये हरित कराचा जो प्रस्ताव मांडला, त्यातून ट्रॅक्टर, हार्वेस्टर, टिलर ही शेतीची वाहने वगळली होती. म्हणजे शेतीचे वाहन निराळे आहे, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. करात जे मान्य, ते फीत का नसावे?

काय करावे?

नुसते कुरकुरून भागणार नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी ठराव मांडावा असे मला वाटते. ठरावात तीन मागण्या असाव्यात. पहिली, तपासणीत पास झालेल्या शेतीच्या ट्रॅक्टरला आणि एक-दोन वाहनांच्या मालकाला वयाची वाढीव फी नसावी. दुसरी, ५० वर्षांवरील आणि कामातून निवृत्त झालेल्या ट्रॅक्टर-ट्रकचा व्हिंटेज वर्गात समावेश व्हावा. तिसरी राज्य सरकारकडे : हंगामापूर्वी कारखान्याच्या आवारात वाहन तपासणीची शिबिरे व्हावीत, म्हणजे सभासदाची खेप बुडणार नाही आणि तपासणी टाळायला सबबही राहणार नाही. एका कारखान्याचा ठराव फाईलला लागतो. दहा कारखान्यांनी तोच ठराव केला तर त्याला उत्तर द्यावे लागते.

ठराव होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येकाने आपले घर सावरावे.

नोंदणीची मुदत कधी संपते ते आजच आरसी पुस्तकात पाहा. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० आणि इतर बिगर वाहतूक वाहनांना ५०० रुपये जादा पडतात. पासिंग चुकले तर नियमात दिवसाला ५० रुपयांची तरतूद आहे. नोंदणी संपलेल्या वाहनाला अपघात किंवा चोरी झाली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे. ट्रॅक्टर आणि दुचाकीसाठी तिची किंमत जीएसटी सोडून ४५० रुपये ठरवलेली आहे. तिची मुदत अनेकदा वाढून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत आली होती, तेव्हा ज्यांनी अजून लावली नसेल त्यांनी आता थांबू नये. ट्रॅक्टर कोणत्या वर्गात धरून फी घेतली, हे पावतीवर वाचा. समजले नाही तर तिथेच विचारा. एजंटाच्या हातात कोरी सही देऊ नका. वाहन भंगारात द्यायचे असेल तर अधिकृत केंद्रातच द्या, ठेव-प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर तुमच्या नावावरच्या पाटीने दुसराच कोणी गुन्हा करील आणि नोटीस तुमच्या दारात येईल.

शेवटची विनंती संचालक मंडळाला आणि जुन्या सभासदांना. आपल्या भागातला पहिल्या पिढीचा एखादा ट्रॅक्टर कोणाच्या गोठ्यामागे कोंबड्यांचे खुराडे होऊन पडला असेल. तो भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका. कारखान्याच्या आवारात पत्र्याची एक शेड बांधून तो तिथे ठेवू. त्याला आरटीओचा क्रमांक लागत नाही, फीही लागत नाही. मोळी टाकण्याच्या दिवशी आलेल्या नातवंडांना तो दाखवता येईल आणि आपण कशाच्या जोरावर इथवर आलो ते सांगता येईल. ज्यांच्याकडे असा ट्रॅक्टर आहे त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे.

आणि चालू ट्रॅक्टरवाल्यांनी गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी ब्रेक, दिवे आणि रिफ्लेक्टर तपासून घ्यावेत. फी कमी करा म्हणून आपण सरकारकडे जाणार असू, तर आपले वाहन आधी पास झालेले हवे.